‘ढ’ची खुर्ची

४ जानेवारी

मामाशी पुन्हा वाजलं. विमानाचा पंख पुसताना मी गाणं गुणगुणत होतो, एवढंच. म्हणे, "म्हैस धुतोयस का?" म्हटलं, म्हैस बरी, निदान शेपटी हलवून काही सांगते तरी. मग तो बोलला, मग मी बोललो, मग फडकं फेकून मी बाहेर. थोडा वेळ उन्हात उभा राहिलो. परत आत आलो. तेच फडकं उचललं. मामानं मान वरसुद्धा केली नाही — "डावा पंख राहिलाय."

जाणार कुठं? कॉलेजही असंच सोडलं, डोक्यात राख घालून. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर. प्रयोगशाळेतले सर चारचौघांत लागट बोलले, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि जिना उतरलो तो उतरलोच. तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असताना. "त्याला सांग, मीठ इकडे दे." शेवटी आईनंच मला तिच्या भावाकडे धाडलं. मामा इथल्या फ्लाइंग क्लबात मेकॅनिक. मी त्याच्या हाताखाली. धुणं, पुसणं, ढकलणं.

संध्याकाळी कॅप्टननी बोलावलं. हे इथले मुख्य प्रशिक्षक. वाटलं, मामानं चहाडी केली. पण नाही.

"इंजिनियरिंग अर्धवट सोडलंस ना?"
"हो."
"विमान उडतं कसं, ठाऊक आहे?"
"नाही."
"चार्ट वाचता येतो? आकाशाचा नकाशा?"
"नाही."

प्रत्येक ‘नाही’ला ते जास्त खूश होत गेले. म्हणाले, "उद्यापासून तू आमचा ढ."

५ जानेवारी

तर ही भानगड अशी आहे. इथं विद्यार्थी एकटा लांब उडायला निघाला की आधी त्यानं आपला सगळा मार्ग चार्टवर आखायचा आणि एका माणसाला समजावून सांगायचा. माणूस कोरा हवा. यातलं ओ की ठो न कळणारा. तो बसतो ती ‘ढ’ची खुर्ची. त्यानं वाटेल ते विचारावं. त्याला समजलं तर कॅप्टन सही करतात. नाही समजलं तर विमान जागेवर. कॅप्टनचं म्हणणं — "शहाण्याला समजावणं सोपं. तो राहिलेलं स्वतःच भरून घेतो. ढ भरून घेत नाही."

आधीचा ढ म्हणजे फाटकावरचा वॉचमन. ऐकून ऐकून तो मध्येच "वारा धरला का, ताई?" विचारायला लागला. शिकला, खुर्ची गेली.

म्हणजे काही शिकायचं नाही, हाच या कामाचा नियम. मामा म्हणाला, "तुला जमेल."

८ जानेवारी

आज खुर्चीवर पहिल्यांदा बसलो आणि समोर ती.

याआधी तिला लांबूनच पाहिलं होतं, विमानाच्या शिडीवर, पाठमोरी. केसांच्या गाठीत पेन्सिल खोचलेली. आज जवळून पाहिलं तर त्या पेन्सिलीचं टोक दातांनी चावलेलं. का कोण जाणे, ते बघून फार बरं वाटलं.

चार्ट टेबलभर पसरला. मी म्हटलं, हा नकाशा आहे की कुणाची शाई सांडली? ती हसली नाही. म्हणाली, "वरून जे दिसतं ते यात आहे. आणि वर जे दिसत नाही, तेही यात आहे."

मग सांगायला लागली. आकाश रिकामं नसतं. त्याला भिंती असतात, मजले असतात, दारं असतात. प्रत्येक तुकड्याला वर्ग आणि वर्गाला अक्षर. ए वर्ग सगळ्यात वरचा, मोठ्या विमानांचा. "तिथं आपण दारातसुद्धा उभं राहायचं नाही." सी वर्ग मोठ्या विमानतळाभोवती. तिथं बेल वाजवायची, म्हणजे रेडिओवर नाव सांगायचं, ते ‘या’ म्हणाले तरच आत. आणि जी वर्ग म्हणजे मोकळं मैदान. कुणाला विचारायचं नाही. आपले डोळे आणि आपली अक्कल.

"हे निळे गोल एकात एक कशाला?"
"तो सी वर्ग. उलट्या जिन्यासारखा. विमानतळापाशी जमिनीला टेकलेला, लांब जाऊ तसा एकेक पायरी वर. आपण त्या पायरीखालून जायचं."
"डोकं आपटलं तर?"
"म्हणून तर उंचीचे आकडे लिहिलेत, ढ."

ढ म्हणाली मला. कॉलेजात सरांनी म्हटलं असतं तर त्यांचं टेबल उलटं केलं असतं. इथं मी नुसता मान हलवत बसलो. पुढं काट्याकाट्यांचं कुंपण काढलेली जागा दाखवली — तिथं जायचंच नाही, मनाई. गोलात षटकोन, तो रेडिओचा खांब, दिशा सांगणारा. आणि सगळ्यांवरून सरळ गेलेल्या रेघा, अक्षर आणि आकडा लिहिलेल्या. "ते हवाई मार्ग. मोठी विमानं त्यांवरून रांगेत जातात. माना खाली, झोपलेले प्रवासी."
"तुला तिथंच जायचंय ना?"
"हो," म्हणाली. मग चार्टवरच्या नदीवर बोट ठेवून — "खालून जायला मजा येते. नदी दिसते."

कॅप्टन म्हणाले, "समजलं?" मी म्हटलं, नाही. काट्यांच्या कुंपणाचं परत सांगा. 

सगळं समजलं होतं.

९ जानेवारी

ती एकटी उडून परत आली. विमान मी धुतलं. दोनदा.

१२ जानेवारी

मी शिकतोय. चोरून. कॉलेजात चोरून झोपायचो, इथं चोरून शिकतो.

‘ढ’ची खुर्ची असते त्या ब्रीफिंगच्या खोलीत भिंतीवर मोठा चार्ट लावलाय. मी तिथं झाडू घेऊन जातो. मामा म्हणतो त्या खोलीची फरशी आता आरशासारखी झाली. त्याला सगळं कळतं. बोलत नाही, म्हणजे बोलतोच, पण आडून — "भाचेबुवा, आकाशात धूळ जास्त साचते का हल्ली?"

१४ जानेवारी

कॅप्टननी नवं काम दिलं. चार्ट छापून आला की लगेच शिळा व्हायला लागतो. कुठं मनोरा उभा राहतो, कुठं धावपट्टी बंद होते. तशा दुरुस्त्या अधूनमधून येतात. भिंतीवरच्या चार्टवर त्या शाईनं काढायच्या. विद्यार्थी त्या बघून आपापल्या चार्टवर उतरवतात. "इंजिनियरिंगनं तुला रेघ तरी सरळ काढायला शिकवली असेल. नुसतं उतरव. समजून घेऊ नकोस."

आजची दुरुस्ती: टेकडीवर नवा मनोरा. चिन्ह म्हणजे इवलासा तंबू, मध्ये टिंब. शेजारी दोन आकडे. २४१२, आणि कंसात ६१२. बारीक निबानं काढलं. छान जमलं.

मामाला विचारलं, एकाच मनोऱ्याला दोन उंच्या कशा? म्हणाला, "कंसातली जमिनीपासून. बाहेरची समुद्रापासून. विमानातला काटा समुद्रापासूनचं दाखवतो, म्हणून वैमानिकानं बाहेरचा आकडा बघायचा. आता हे विसर. ढ आहेस."

१७ जानेवारी

हँगरमागच्या बाकावर चहा. ती स्वतःहून येऊन बसली! मी चहा पायावर सांडला.

तिनं सांगितलं. लायसन्ससाठी आता एकच लांबची एकटीची फेरी राहिलीय. ती झाली की लायसन्स, आणि लायसन्स हातात असलं तर पुढल्या महिन्याच्या मध्यापासून मोठ्या विमान कंपनीच्या तुकडीत जागा. नसलं तर जागा दुसऱ्या कुणाला. फेरी लवकर व्हायला हवी, कारण लांब जायला लागणारं विमान एकच आहे आणि ते तीस तारखेला ओव्हरहॉलला जाणार. म्हणजे मामा त्याचं इंजिन खाली उतरवणार. मग दीड-दोन महिने नाव काढायचं नाही.

"बावीसला तुला समजावते," म्हणाली. "यावेळी उगाच ‘परत सांगा’ म्हणू नकोस."
"मी उगाच कधी म्हणतो?"
"काट्यांच्या कुंपणाचं चार वेळा सांगितलंय तुला."

म्हणजे बावीसला समजावणार, तेवीसला उडणार, आणि मग जाणार. त्या वरच्या रेघांवर. आपण इथं बादली घेऊन वर बघायचं.

१८ जानेवारी

काही नाही.

२२ जानेवारी

लिहून काढतो. नाहीतर डोकं फुटेल.

खोलीत आम्ही तिघं. ती, कॅप्टन, मी. तिनं सुरेख सांगितलं. अडखळली नाही. इथून निघायचं, नदीच्या वळणापर्यंत, तिथून टेकडीवरून पलीकडच्या धावपट्टीवर, तिथं इंधन, मग त्याच वाटेनं परत. "टेकडी अठराशे फूट. तिथं सी वर्गाची पायरी तीन हजारांवर आहे, म्हणून मी अडीच हजारांवर राहणार. वर पाचशे मोकळे, खाली सातशे. आरामात."

तिच्या चार्टवर टेकडीच्या माथ्यावर तो तंबू होता. भिंतीवरून बघून तिनंच पेन्सिलीनं उतरवलेला. शेजारी एकच आकडा. ६१२. कंस नाही. दुसरा आकडा नाही.

मी मनात बेरीज केली. परत केली. अठराशे आणि सहाशे बारा. चोवीसशे बारा. आणि ती अडीच हजारांवर. मध्ये शंभर फूटसुद्धा नाहीत. हल्ली सकाळचं धुकं तर असं असतं की हँगरमधून फाटक दिसत नाही.

ढला हे कळायला नको. ढनं मान हलवायची. विचारलं तर उघडा पडेन, खुर्ची जाईल, तिच्यासमोर बसायचं हे एकच निमित्त जाईल. आणि विचारलं तर सही होणार नाही, फेरी होणार नाही, तुकडी हुकेल. ती इथंच राहील. इथंच राहील! हा विचार आला. आला, म्हणून लिहितो. इथं कोण वाचणार आहे?

तोंडातून निघूनच गेलं. "हा तंबू किती उंच?"

"मनोरा आहे. सहाशे बारा."
"कुठपासून?"
"म्हणजे?"
"जमिनीपासून की समुद्रापासून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. कॅप्टन उठले. भिंतीवरच्या चार्टपाशी गेले, माझ्या शाईच्या मनोऱ्यावर बोट ठेवलं. आवाज चढवला नाही. "अठराशे फुटांच्या टेकडीवरचा मनोरा समुद्रापासून सहाशे बारा? मग तो टेकडीच्या पोटात असेल, वैमानिक बाई."

तिनं चार्टच्या कडेला बेरीज केली. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी पाहिला. हळूच म्हणाली, "दिसला असता मला."
"धुक्यात?" कॅप्टन म्हणाले.

त्यांनी तिचा चार्ट घडी घालून तिच्या हातात दिला. सही नाही. "एकोणतीसला परत. चुकलेली रेघ कागदावरून लगेच पुसता येते, डोक्यातून जायला आठवडा लागतो." एकोणतीस! दुसऱ्या दिवशी विमान ओव्हरहॉलला. एकोणतीसला धुकं विरलं नाही तर संपलं.

ती गेल्यावर माझ्याकडे वळले. "आणि तू. जमीन आणि समुद्र यांतला फरक ढला कुठून कळला?" माझी नजर चकचकीत फरशीकडे गेली. म्हणाले, "खुर्ची सोड." मग एका कोर्सचं सांगायला लागले. जमिनीवर बसून मोठ्या विमानांचे मार्ग आखणारे लोक असतात, वाऱ्याचा, इंधनाचा, वर्गांचा सगळा हिशेब करून देणारे. डिस्पॅचर. वर्षाचा कोर्स, लांबच्या शहरात. एक जागा ते मिळवून देऊ शकतात. मी म्हटलं, नको. मला कुठंच जायचं नाही.

२३ जानेवारी

मी मूर्ख आहे. मूर्खांत मोठा.

ती हँगरमध्ये आली. मामा इंजिनाखाली होता, नुसते पाय दिसत होते. ती म्हणाली, "तू मुद्दाम केलंस."

"काय मुद्दाम?"
"मी जायला नकोय तुला."
"कुणी सांगितलं?"
"सगळ्या क्लबाला माहितीय. मी ज्या विमानातून उतरते ते दोनदा धुतलं जातं."

इंजिनाखाली मामा खोकला. मला हसू यायला हवं होतं. पण राग आला. कारण खोटं असतं तर हसलो असतो. ओरडलो — "मग पडू द्यायला हवं होतं तुला!"

ती वळली. गेली.

मामा बाहेर आला. हात पुसत नुसता बघत उभा राहिला. त्याला म्हटलं, बोल ना काय बोलायचं ते. तो म्हणाला, "तुझं तूच बोललास की. आता मी कशाला?"

तडक कॅप्टनकडे गेलो. म्हटलं, कुठला तो कोर्स? जातो मी. तिला वाटतं ना मी तिला अडवतोय? मग मीच आधी जातो. ते म्हणाले, "रागानं जातोयस?" म्हटलं, हो. म्हणाले, "चालेल. पोचेपर्यंत उतरेल."

२४ जानेवारी

उतरला. पण अर्ज गेलाय.

२६ जानेवारी

आई आली! न कळवता. हातात पिशवी, पिशवीत डबे. मामानं फोन केला होता — "ताई, तुझ्या लेकाचं काहीतरी बिनसलंय, तो हल्ली भांडतसुद्धा नाही."

माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "कोण आहे ती?"
"कोण नाही."
"बरं. कोण-नाही जेवते का वेळेवर?"

बाबा काय म्हणाले विचारलं. म्हणे, कोर्सचं ऐकून म्हणाले, "त्याला सांग, अर्ध्यात सोडून आला तर पुढचं मीठही मिळणार नाही." म्हटलं, हे त्यांनी मलाच सांगायचं होतं. आई म्हणाली, "तू फोन उचलतोस का?"

२७ जानेवारी

नवीन ढ हवा. वॉचमन शिकलेला, मी शिकलेलो. कॅप्टननी मामाला विचारलं, तर तो भडकला — "तीस वर्षं इंजिनं उघडतोय, मी ढ?" मग कॅप्टनचं लक्ष बाकावर बसलेल्या आईकडे गेलं.

"ताई, विमानातलं काही कळतं?"
"मला काय कळणार? मी बसमध्येसुद्धा डोळे मिटून बसते."

कॅप्टन इतके खूश मी चार तारखेनंतर पाहिले नव्हते.

ती माझ्याशी बोलत नाही. चार्टवर सगळं पहिल्यापासून आखतेय. खिडकीतून दिसतं.

२९ जानेवारी

पहाटेच उठलो. धुकं. फाटक दिसत नाही. मामा म्हणाला, "बघून बघून विरायचं नाही ते. काच पूस."

ब्रीफिंगच्या खोलीची काच बाहेरून पुसत राहिलो. आत आई ‘ढ’च्या खुर्चीवर, पदर नीट करून, शाळेत पहिल्या दिवशी बसतात तशी. मला सगळं ऐकू येत होतं.

तिनं सांगायला सुरुवात केली. वर्ग, पायऱ्या, नदी. आई मध्येच, "थांब बाळ, हे अडीच हजार म्हणजे कुठून मोजायचे?" ती म्हणाली, "समुद्रापासून, काकू." सावकाश म्हणाली.

मग टेकडी. रेघ आता टेकडीला मोठा वळसा घालून जात होती. आई म्हणाली, "एवढा फेरा कशाला? सरळ का नाही जात?"

"सरळ गेलं तर मनोरा मध्ये येतो. आधी मी सरळच आखलं होतं. चुकलं होतं माझं."
"मग कुणी पकडलं?"

काचेवर माझा हात थांबला.

"तुमच्या मुलानं."
"ह्यानं? घरात ह्याला डोळ्यांसमोरचा टॉवेल सापडत नाही."

कॅप्टन खोकले. ती हसली. आठवडाभरानं तिचं हसू ऐकलं, तेही काचेतून.

आईचा शेवटचा प्रश्न — "सगळं कळलं, पण एवढं जाऊन येईपर्यंत तू जेवणार कधी?" तिनं चार्टकडे बघितलं. कॅप्टन म्हणाले, हा प्रश्न योग्य आहे, मार्गात जेवण दाखवलेलं नाही. आईनं पिशवीतून डबा काढून चार्टवर ठेवला, बरोबर इंधन घ्यायच्या धावपट्टीवर. मग कॅप्टननी विचारलं, "ताई, समजलं?" आई म्हणाली, "समजलं. टेकडी जाताना डाव्या हाताला, येताना उजव्या." सही झाली.

पण धुकं. सगळे मैदानाकडे बघत उभे. दहाच्या सुमाराला फाटक दिसलं. मग झाडं. मग लांबचा रस्ता. कॅप्टननी मान हलवली.

ती माझ्याजवळून गेली. थांबली नाही. मी चाकांपुढचे ठोकळे काढले. तिनं आतून अंगठा दाखवला, सगळ्यांना दाखवतात तसाच. मी मात्र तो माझा धरला.

मग दिवस. मामा एकच पाना हातात घेऊन फिरत होता. कशाला लावत नव्हता. आई बाकावर डोळे मिटून, जणू तीच बसमध्ये आहे. मी रेडिओच्या खोलीच्या पायरीवर. दुपारी पलीकडून निरोप आला, उतरली. इंधन घेतलं. निघाली. मग खूप वेळ काही नाही. माझ्या डोक्यात चार्ट उघडा. आता नदी. आता वळसा. आता टेकडी उजव्या हाताला. आणि मग रेडिओ खरखरला, आणि तिचा आवाज. टेकडी मागे पडल्याचं सांगत होती. साधं, सपाट, चहा झाला सांगावं तसं.

चाकं टेकली तेव्हा मामा म्हणाला, "हां. आता उद्या इंजिन उतरवायला हरकत नाही." आणि नाक शिंकरायला पाठ फिरवली.

तिनं रिकामा डबा आईला दिला. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. मी लांब उभा. गाढव.

३० जानेवारी

इंजिन खाली. हँगरमध्ये तेलाचा वास. मी सुटे भाग पुसत होतो. ती येऊन समोरच्या पेटीवर बसली.

"तू का विचारलंस त्या दिवशी?"
"तू पडू नयेस म्हणून."
"आणि मी जाऊ नये असं वाटत नव्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. आधी कुठलं ते मलाही ठाऊक नाही."

तिनं एक नट उचलला, फडक्यानं पुसला, रांगेत ठेवला. म्हणाली, "काल टेकडीच्या बाजूनं जाताना मनोरा दिसला. फार उशिरा दिसला. धुकं नव्हतं तरीही." मग आणखी एक नट पुसला. "सरळ गेले असते तर... जाऊ दे."

"तेवीसला जे बोललो ते..."
"ते ऐकलंच नाही मी. मामांचा खोकला ऐकत होते."

सगळे नट आम्ही दोघांनी पुसले. मामा मध्ये दोनदा आला आणि दोनदा काहीतरी विसरून परत गेला.

जाताना म्हणाली, "कोर्सचं खरं आहे?" म्हटलं, हो. रागानं अर्ज केला होता. "आणि आता?" म्हटलं, आता राग नाही, पण अर्ज आहे. ती म्हणाली, "बरं."

‘बरं’ म्हणजे काय? रात्रभर हेच. कुठल्या वर्गातलं आहे हे बरं, बेल वाजवायची की नाही?

६ फेब्रुवारी

लायसन्स आलं. कॅप्टननी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तिनं पेढ्याऐवजी प्रत्येकाला एकेक गोळी दिली, चोखायची, विमानात कान बसू नयेत म्हणून देतात ती. मला दोन.

पंधराला तिची तुकडी सुरू. माझा कोर्स अकराला. विचारायचं आहे ते विचारायला खुर्ची नाही आता.

१० फेब्रुवारी

निघालो. आई काल गेली. मामा बसपर्यंत आला. वाटभर भांडला, मी तेलाचा डबा उघडा ठेवला म्हणून. बस हलली तेव्हा खिडकीवर थाप मारून म्हणाला, "तिथल्या मास्तरांच्या टेबलावर काही आपटू नकोस. टेबलं महाग असतात."

ती आली नव्हती. सकाळी कॅप्टनच्या खोलीत बसली होती, दार बंद. मी बादली जागेवर ठेवली आणि आलो.

१५ फेब्रुवारी

वसतिगृह. खोलीत चौघं, बाकीचे जेवायला गेलेत. आज तिची तुकडी सुरू झाली असणार. सकाळच्या तासाला हवाई मार्ग होते. त्या वरच्या रेघा. सरांनी विचारलं, कुणाला माहितीय? मी हात वर केला. पहिल्यांदा.

१६ फेब्रुवारी

तिचा फोन. कंपनीत गेलीच नाही. कॅप्टनच्या हाताखाली चार्ट शिकवायला राहतेय, अकरा तारखेपासूनच, तिनंच जागा मागून घेतली. "पहिला तास त्या कंसातल्या आकड्यावर घेतला. माझा चार्ट दाखवून." मग म्हणाली, "त्या वरच्या रेघांवरून नदी दिसत नाही. मी इथंच आहे. पण तू कोर्स पुरा करूनच ये. मध्येच पळून आलास तर वॉचमनला सांगून ठेवलंय, फाटक उघडू नकोस."

बॅग भरली. मग सगळं काढून परत कपाटात लावलं. उद्या सकाळी हवामानाचा तास आहे.